परवानगीच्या चौकटीतील दिग्दर्शन : म्यूरिएल बॉक्स यांच्या उपेक्षित कारकिर्दीचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

मूळ पटकथेसाठीचे ऑस्कर पारितोषिक मिळविणारी पहिली स्त्री कोण, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाच्या अभ्यासकांनाही चटकन देता येत नाही. ‘द सेव्हन्थ व्हेल’ या चित्रपटासाठी १९४७ मध्ये हे पारितोषिक पती सिडनी बॉक्स यांच्यासमवेत स्वीकारणाऱ्या म्यूरिएल बॉक्स (१९०५-१९९१) यांनी पुढे १९५२ ते १९६४ या काळात तेरा कथापटांचे स्वतंत्रपणे दिग्दर्शन केले. ब्रिटिश चित्रपटसृष्टीत संख्येच्या दृष्टीने एवढे काम करणारी दुसरी स्त्री-दिग्दर्शक सांगणे कठीण आहे. असे असूनही ब्रिटिश चित्रपटाच्या प्रचलित इतिहासात डेव्हिड लीन, कॅरल रीड, मायकेल पॉवेल यांची स्वतंत्र प्रकरणे असतात, आणि म्यूरिएल बॉक्स यांचा उल्लेख एखाद्या वाक्यात, तोही बहुधा निर्माते सिडनी बॉक्स यांच्या पत्नी म्हणून येतो.

या उपेक्षेचे कारण केवळ पुरुषप्रधान व्यवसायाच्या पूर्वग्रहात शोधले, तर उत्तर अर्धवट राहते. व्यवसायाने अडथळे आणूनही त्यांनी तेरा चित्रपट केले. ते चित्रपट विस्मरणात गेले ते प्रामुख्याने समीक्षेच्या मापदंडांमुळे. म्हणून विसरलेल्या नावांच्या यादीत आणखी एक नाव जोडल्याने हा प्रश्न सुटत नाही. प्रत्येक टप्प्यावर इतरांच्या परवानगीवर अवलंबून असलेल्या कलावंताचे काम कोणत्या निकषांवर जोखावे, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे.

जडणघडण : टंकलेखन ते पटकथा

व्हायोलेट म्यूरिएल बेकर हे त्यांचे माहेरचे नाव. सरे परगण्यातील न्यू मॉल्डन येथे त्यांचा जन्म झाला. लघुलेखन आणि टंकलेखनाच्या कौशल्यावर त्यांनी नोकऱ्या केल्या आणि त्याच कौशल्यामुळे १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश इन्स्ट्रक्शनल फिल्म्स या संस्थेत त्यांचा प्रवेश झाला. तेथून त्या ‘कंटिन्युटी’च्या कामाकडे वळल्या. अँथनी ॲस्क्विथ यांच्या ‘टेल इंग्लंड’ (१९३१) या चित्रपटावर त्यांनी हे काम केले.

या कामाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. चित्रपटाचे चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. एकाच प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी घेतले जातात. अशा वेळी पात्राच्या हातातील पेला किती भरलेला होता, कोटाचे कोणते बटण उघडे होते, नजर कोणत्या दिशेला होती, याची काटेकोर नोंद ठेवावी लागते. हे काम जवळजवळ सर्वत्र स्त्रियांकडे सोपविले जाई, कारण ते कारकुनी स्वरूपाचे मानले जात होते. वस्तुतः चित्रपटाचे तुकडे एकमेकांशी कसे जोडले जातात याचे इतके प्रत्यक्ष शिक्षण अन्य कोणत्याही पदावर मिळत नसे. ज्या कामाला व्यवसायाने दुय्यम ठरविले, तेच म्यूरिएल यांचे विद्यापीठ ठरले.

तथापि ही वाट प्रत्येकीला दिग्दर्शनापर्यंत नेत नव्हती. त्यांच्या समकालीन के मँडर यांनी ‘होम्स फॉर द पीपल’ (१९४५) सारखे लक्षणीय माहितीपट दिग्दर्शित केले, परंतु कथापटांच्या दिग्दर्शनाचे दार त्यांच्यासाठी फारसे उघडले नाही. त्या पुन्हा कंटिन्युटीच्या कामाकडे वळल्या आणि ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) सारख्या चित्रपटांवर त्यांनी तेच काम केले. एक स्त्री नोंदवहीकडून दिग्दर्शनाकडे गेली, दुसरी दिग्दर्शनाकडून नोंदवहीकडे परतली. या दोन उलट्या प्रवासांमधील अंतर केवळ गुणवत्तेचे नव्हते. म्यूरिएल यांच्यामागे स्वतःची निर्मितीसंस्था असलेले सहकारी-पती होते, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही.

सिडनी बॉक्स या पत्रकार-लेखकाशी त्यांचा परिचय १९३२ मध्ये झाला आणि १९३५ मध्ये विवाह झाला. दोघांनी मिळून हौशी नाट्यसंस्थांसाठी सुमारे चाळीस नाटके व एकांकिका लिहिल्या. त्यांपैकी अनेकींमध्ये सर्व भूमिका स्त्रियांच्याच होत्या. हौशी संस्थांमध्ये स्त्री-कलावंत अधिक आणि त्यांच्यासाठी भूमिका कमी, अशी व्यावहारिक गरज त्यामागे होती. परंतु स्त्रियांनी स्त्रियांशी बोलण्याचे प्रसंग रचण्याचा सराव त्यांना येथे झाला. त्यांच्या पुढील पटकथांतील संवादांचे मूळ या एकांकिकांत आहे.

परवानगीचे राजकारण

१९४० मध्ये सिडनी बॉक्स यांनी व्हेरिटी फिल्म्स ही माहितीपट-संस्था स्थापन केली. युद्धकाळात पुरुष कर्मचारी सैन्यात गेल्याने अनेक क्षेत्रांप्रमाणे येथेही स्त्रियांना संधी मिळाली. म्यूरिएल यांनी ‘द इंग्लिश इन’ (१९४१) हा लघुपट दिग्दर्शित केला. परंतु मुलांच्या रस्ता-सुरक्षेविषयीच्या माहितीपटासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा हे काम स्त्रीने करणे माहिती मंत्रालयाला उचित वाटले नाही आणि ते त्यांच्या हातून गेले. लहान मुलांना रस्ता कसा ओलांडावा हे शिकविणे घरात स्त्रीचे कर्तव्य होते, मात्र तेच पडद्यावर शिकविण्याचा अधिकार तिला नव्हता.

युद्धोत्तर काळात रँक समूहाने गेन्सबरो पिक्चर्सची सूत्रे सिडनी यांच्याकडे सोपविली आणि म्यूरिएल पटकथा-विभागाच्या प्रमुख झाल्या. निर्वासितांवरील ‘द लॉस्ट पीपल’ (१९४९) या चित्रपटाचे बरेच पुनर्चित्रीकरण त्यांना करावे लागले आणि बर्नार्ड नोल्स यांच्यासमवेत सहदिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव लागले. १९५१ मध्ये स्वतःची स्वतंत्र निर्मितीसंस्था उभी राहिल्यावरच ‘द हॅपी फॅमिली’ (१९५२) हा त्यांचा पहिला स्वतंत्र कथापट पडद्यावर आला. तेव्हा त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या.

विरोध केवळ पुरुषांकडून झाला असे नाही. ‘सो लाँग ॲट द फेअर’ (१९५०) च्या वेळी अभिनेत्री जीन सिमन्स यांच्या आक्षेपामुळे त्यांना बाजूला व्हावे लागले, आणि ‘सायमन अँड लॉरा’ (१९५५) च्या वेळी के केंडल यांनीही स्त्री-दिग्दर्शक नको, असा प्रयत्न केला. तो फसला. या घटनांकडे व्यक्तिगत हेवेदावे म्हणून पाहू नये. अभिनेत्रीचे पडद्यावरील भवितव्य दिग्दर्शकाच्या प्रतिष्ठेवर अवलंबून होते आणि प्रतिष्ठा पुरुषांकडेच आहे असे व्यवसाय मानत होता. स्त्रीच्या हाताखाली काम करणे म्हणजे आपली पत कमी होणे, हा हिशेब त्या व्यवस्थेत चुकीचा नव्हता, म्हणूनच तो अधिक क्लेशकारक होता. वेळेत आणि ठरलेल्या खर्चात चित्रपट पूर्ण करण्याची म्यूरिएल यांची शिस्त या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. पुरुष दिग्दर्शकाचा एक चित्रपट फसला तर तो एक चित्रपट फसे. त्यांचा फसला असता, तर ‘स्त्रियांना हे जमत नाही’ हा सिद्धांत शाबीत झाला असता.

तीन सूत्रे

म्यूरिएल बॉक्स यांचे चित्रपट विनोदी, गुन्हेविषयक, कौटुंबिक अशा विविध प्रकारांत विखुरलेले आहेत. ते एकत्रितपणे पाहिल्यास मात्र तीन सूत्रे सातत्याने आढळतात.

पहिले सूत्र तरुण स्त्री आणि राज्यसंस्था यांच्यातील संबंधाचे. सहलेखिका म्हणून त्यांचा सहभाग असलेल्या ‘गुड-टाइम गर्ल’ (१९४८) मध्ये घरातून पळालेली मुलगी सुधारगृहात जाते आणि तेथून अधिकच अधोगतीला लागते. ‘स्ट्रीट कॉर्नर’ (१९५३) मध्ये लंडनच्या चेल्सी भागातील स्त्री-पोलिसांचे दैनंदिन काम आहे. ‘टू यंग टू लव्ह’ (१९६०) किशोर न्यायालयातील सुनावणीभोवती फिरतो. यांपैकी ‘स्ट्रीट कॉर्नर’ हा चित्रपट विशेष लक्षात घ्यावा. बेझिल डिअर्डन यांच्या ‘द ब्लू लॅम्प’ (१९५०) या अत्यंत गाजलेल्या चित्रपटात पोलीस म्हणजे पुरुष हे समीकरण गृहीत होते. म्यूरिएल यांनी त्या चित्राची रिकामी बाजू भरली. त्यांच्या चित्रपटात पाठलाग आहे, चोरी आहे, परंतु भर आहे तो चौकशीच्या खोलीतील संभाषणावर. एका बाजूला गणवेशातील स्त्री, दुसऱ्या बाजूला दुकानातून वस्तू उचलणारी तरुण आई किंवा सैन्यातून पळालेली, बेकायदा दुसरा विवाह केलेली मुलगी. दोघींमध्ये टेबल असते, पण त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना स्त्रीच असते. कायदा आणि सहानुभूती यांतील ताण येथे एकाच स्त्रीच्या कामात दिसतो.

दुसरे सूत्र घर आणि घराचा देखावा यांतील विसंगतीचे. ‘सायमन अँड लॉरा’ हा चित्रपट ॲलन मेलव्हिल यांच्या नाटकावर आधारित आहे. सतत भांडणारे अभिनेते पती-पत्नी बीबीसीच्या मालिकेत सुखी दांपत्याची भूमिका करतात आणि प्रेक्षक तो देखावाच सत्य मानतात. दूरचित्रवाणी ब्रिटिश घरांत नुकतीच रुळत होती आणि व्यापारी वाहिनीचा आरंभ १९५५ च्या सप्टेंबरमध्ये झाला. अशा वेळी हे नवे माध्यम सुखी कुटुंबाची प्रतिमा कशी घडविते, यावर इतके नेमके भाष्य एका हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटाने करावे, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. मालिकेचे संवाद लिहिणारी व्यक्ती एक तरुण स्त्री आहे, हेही सूचक आहे. सुखी संसाराची संहिता लिहिणारी अविवाहित, आणि ती वठविणारे विवाहित, पण दुःखी!

तिसरे सूत्र लिहिणाऱ्या, सांगणाऱ्या व्यक्तीचे. ‘द पॅशनेट स्ट्रेंजर’ (१९५७) मधील ज्युडिथ ही कादंबरीकार आहे. घरातील इटालियन वाहनचालक तिच्या कादंबरीचे हस्तलिखित वाचतो आणि तिचे आपल्यावर प्रेम आहे असा समज करून घेतो. वास्तव जीवनाचा भाग कृष्णधवल, तर कादंबरीचा भाग रंगीत, अशी रचना येथे आहे. स्त्रीने लिहिलेले सर्व काही आत्मचरित्रच असते, या रूढ समजुतीची खिल्ली उडविण्यासाठी रंगाचा केलेला हा उपयोग केवळ करामत नाही, तो चित्रपटाचा युक्तिवाद आहे. ‘द ट्रुथ अबाउट विमेन’ (१९५७) मध्ये हाच युक्तिवाद उलट दिशेने येतो. एक वृद्ध उमराव आपल्या जावयाला आयुष्यात आलेल्या स्त्रियांच्या कहाण्या सांगतो. शीर्षकात ‘स्त्रियांविषयीचे सत्य’ आहे, पण ते सांगणारा पुरुष आहे. प्रत्येक कहाणीत त्याला कळलेले सत्य आणि प्रेक्षकांना दिसणारे सत्य यांत अंतर पडत जाते. मताधिकाराचा पुरस्कार करणारी तरुणी विवाहबंधन नाकारते, तेव्हा निवेदकाला तो विक्षिप्तपणा वाटतो, प्रेक्षकाला मात्र तिचा तर्क पटतो. म्यूरिएल यांना आपल्या चित्रपटांमध्ये हा सर्वांत जवळचा वाटत होता. यातील एक अभिनेत्री माई सेटरलिंग पुढे स्वतः महत्त्वाच्या दिग्दर्शक झाल्या, हाही एक उल्लेखनीय योग.

मर्यादांचा विचार

पुनर्मूल्यांकन म्हणजे गौरवग्रंथ नव्हे. ज्या पटकथेने ऑस्कर मिळवून दिले, ती आज अस्वस्थ करते. ‘द सेव्हन्थ व्हेल’ मधील पियानोवादक फ्रान्सेस्काच्या बोटांवर तिचा पालक निकोलस काठीचा प्रहार करतो आणि अखेरीस तीन पुरुषांमधून ती त्याचीच निवड करते. मानसोपचाराने मुक्त झालेली स्त्री आपल्या छळकर्त्याकडे परत जाते, हा शेवट केवळ ‘त्या काळाची अभिरुची’ म्हणून माफ करता येणार नाही. ‘स्ट्रीट कॉर्नर’ मध्येही वाट चुकलेली आई घराकडे वळणे, हाच इष्ट शेवट मानलेला आहे. दृश्यरचनेच्या दृष्टीनेही त्यांचे अनेक चित्रपट नाटकाच्या चौकटीतून पुरते बाहेर पडत नाहीत. ‘रॅटल ऑफ ए सिंपल मॅन’ (१९६४) या अखेरच्या चित्रपटाला समीक्षकांनी कठोरपणे वागविले आणि त्यातील नाट्यगृहीय बंदिस्तपणा पाहता ते सर्वस्वी अन्यायाचे होते असे म्हणता येत नाही.

परंतु या मर्यादा परवानगीच्या चौकटीशी जोडून पाहिल्या पाहिजेत. ज्या दिग्दर्शकाला प्रत्येक चित्रपट पुढील चित्रपटाची हमी म्हणून करावा लागतो, त्याचा शेवट रूढीला धरून आणि मध्य रूढीच्या विरोधात असणे स्वाभाविक आहे. म्यूरिएल यांच्या चित्रपटांचे मर्म म्हणूनच समाप्तीत नसून मधल्या प्रसंगांत आहे. शेवटच्या पाच मिनिटांवरून त्यांचा निवाडा करणारी समीक्षा त्यांच्या मधल्या ऐंशी मिनिटांवर अन्याय करते.

उपेक्षेची कारणमीमांसा

म्यूरिएल बॉक्स यांची दिग्दर्शनाची कारकीर्द आणि दिग्दर्शकालाच चित्रपटाचा एकमेव कर्ता मानणारा ‘ऑतर’ सिद्धांत यांचा काळ एकच आहे, आणि हा योगायोग त्यांना महाग पडला. या सिद्धांताने वैयक्तिक ठसा हा श्रेष्ठत्वाचा निकष ठरविला. पतीसमवेत लिहिलेल्या, नाटकांवर आधारलेल्या, ठरलेल्या खर्चात पूर्ण केलेल्या चित्रपटांत असा ठसा शोधण्याची तसदी कोणी घेतली नाही. मात्र सहलेखन हा खरोखरच अडसर असता, तर मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांच्या बाबतीतही तो ठरला असता. त्यांच्या चित्रपटांवर दोघांचे संयुक्त श्रेय असते आणि समीक्षेने त्या संयुक्त नावालाच एक स्वतंत्र सर्जनशील व्यक्तिमत्त्व मानले. दोन पुरुषांचे सहकार्य ही भागीदारी ठरली. पती-पत्नीचे सहकार्य मात्र ‘यातील बाईचे किती?’ या शंकेचा विषय झाले.

स्त्रीवादी समीक्षेनेही आरंभी त्यांना न्याय दिला नाही. १९७० च्या दशकात तिने हॉलिवूडमधील डोरोथी आर्झ्नर यांचा शोध घेतला आणि दुसरीकडे प्रस्थापित चित्रभाषा मोडणाऱ्या प्रायोगिक चित्रपटाची मांडणी केली. लॉरा मल्व्ही यांचा दृश्यसुखावरील प्रसिद्ध निबंध १९७५ चा. मध्यमवर्गीय प्रेक्षकांसाठी केलेल्या ब्रिटिश विनोदी चित्रपटांना या मांडणीत जागा नव्हती. म्यूरिएल यांनी ‘ऑड वुमन आउट’ हे आत्मचरित्र १९७४ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे नेमके याच काळात. कॅरल रीड यांच्या ‘ऑड मॅन आउट’ (१९४७) ची आठवण करून देणारे ते शीर्षक ‘गटात न बसणारी स्त्री’ असे सुचविते. पुरुषांच्या गटात त्या बसत नव्हत्याच. नव्या स्त्रीवादी अभ्यासाच्या गटातही त्या बसल्या नाहीत.

उत्तरार्ध : ग्रंथप्रकाशन

चित्रपट थांबल्यावर त्यांचे काम थांबले नाही. १९६६ मध्ये त्यांनी फेमिना बुक्स ही स्त्रियांविषयीच्या लेखनाला वाहिलेली प्रकाशनसंस्था उभी केली. पुढे कीर्ती पावलेली विरागो ही संस्था १९७३ मधील आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उपक्रमाचे अग्रेसरत्व स्पष्ट होते. ‘द ट्रायल ऑफ मेरी स्टोप्स’ (१९६७) या ग्रंथाचे संपादन त्यांनी स्वतः केले. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मेरी स्टोप्स यांनी १९२३ मध्ये लढविलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्याची ती हकीकत आहे. मराठी वाचकाला या ग्रंथाचा विषय परका नाही. ज्या १९२१ मध्ये स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमन केंद्र उघडले, त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी मुंबईत तसे केंद्र सुरू केले, आणि ‘समाजस्वास्थ्य’मधील लेखनासाठी त्यांनाही न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. सुनावणीच्या दालनात समाजाचे खरे रूप उघडे पडते, ही म्यूरिएल यांच्या चित्रपटांतील जाणीव या संपादनातही दिसते. पुढे १९७० मध्ये त्यांनी ब्रिटनचे माजी लॉर्ड चॅन्सलर जेरल्ड गार्डिनर यांच्याशी विवाह केला आणि त्यांचे चरित्र लिहिले, यातही ते सूत्र अखंड राहते.

समारोप

एकविसाव्या शतकात चित्र पालटू लागले आहे. आयर्लंडमध्ये चित्रित झालेल्या ‘धिस अदर ईडन’ (१९५९) वर फिडेल्मा फार्ली यांचा स्वतंत्र अभ्यास २००१ मध्ये आला. सान सेबास्तियन चित्रपट महोत्सवाने २०१८ मध्ये आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये त्यांचे चित्रपट पुन्हा एकत्र दाखविले. पुनर्शोधाच्या या उत्साहात त्यांना निर्दोष अग्रदूत ठरविण्याचा मोह होणे शक्य आहे. तो टाळला पाहिजे, कारण निर्दोष मूर्तीची पूजा होते, अभ्यास होत नाही.

म्यूरिएल बॉक्स यांच्या कारकिर्दीवरून चित्रपट-समीक्षेला दोन गोष्टी स्वीकाराव्या लागतात. एक, सहकार्याने झालेल्या निर्मितीत स्त्रीचा वाटा सिद्ध करण्याची जबाबदारी एकट्या स्त्रीवर टाकता येत नाही. पुरुषांच्या भागीदारीला लावलेला निकषच येथेही लावला पाहिजे. दोन, ज्यांना अपयशाची मुभा नव्हती, त्यांच्या कलाकृतींत धाडस शोधताना ते ठळक घोषणेत न शोधता प्रसंगांच्या रचनेत, निवेदकाच्या निवडीत आणि टेबलाच्या दोन बाजूंना कोण बसले आहे यात शोधावे लागते. हे निकष मान्य केले, तर इतर देशांच्या चित्रपटसृष्टीतील कित्येक पटकथा-लेखिका, संकलक आणि कंटिन्युटीच्या वह्या भरणाऱ्या स्त्रिया यांच्या कामाकडेही नव्याने पाहावे लागेल. श्रेयनामावलीत त्यांची नावे आजही आहेत. समीक्षेने ती वाचावयास हवीत.